जॅझवाले एवढा तपशील का सांगतात?

जॅझ ऐकणाऱ्याला ‘सध्या काय ऐकताय?’ असं विचारून बघा. तो धुनेचं नाव सांगून थांबत नाही. सॅक्सोफोन कोणाचा, ड्रमवर कोण, साल कुठलं, ध्वनिमुद्रण कुठे झालं, रेकॉर्ड कोणत्या कंपनीची, हे सगळं न विचारता येतं. बाहेरच्याला हा बडेजाव वाटतो, आणि थोडाफार तो असतोही. पण या सवयीचं मूळ शोधत गेलं तर एक साधी अडचण सापडते. सुरुवातीच्या जॅझ रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांची नावंच छापलेली नसायची.

जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीनं काढली. त्यानंतरची तीसेक वर्षं दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीची. एका बाजूला तीन मिनिटं, सव्वातीन मिनिटं. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल जेवढ्या जागेत बसवला गेला, तेवढीच जागा ट्रंपेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगला मिळाली. मधल्या गोल कागदावर धुनेचं नाव, रचनाकाराचं नाव, ‘फॉक्स ट्रॉट’ अशी नाचाची जात आणि बँडचं नाव. बँडचं नावही खरं असेलच असं नाही. बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनची तीच माणसं एका कंपनीसाठी ‘जंगल बँड’ होत, तर दुसरीसाठी ‘हार्लेम फुटवॉर्मर्स’. करारांच्या भानगडी सांभाळायच्या तर असं करावं लागे. या बाबतीत आपली गौहरजान हुशार म्हणायची. १९०२ साली ती गाणं संपता संपता इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगत होती, म्हणजे जर्मनीत हॅनोव्हरला, जिथे तबकड्या छापल्या जात, त्या कारखान्यातल्या माणसाचा घोटाळा व्हायला नको.

नाव नसण्यानं एवढं काय बिघडतं? भावगीतात कदाचित फारसं बिघडणार नाही. जॅझमध्ये धून हे निमित्त. तिच्यावर वादक त्या क्षणी काय रचतो, ते ऐकायचं असतं. त्याच बँडनं तीच धून त्याच दुपारी दुसऱ्यांदा वाजवली, तरी ट्रंपेटचा तुकडा वेगळा निघतो. कंपन्या कधी कधी हे दोन्ही ‘टेक’ एकाच क्रमांकाखाली विकून मोकळ्या होत. त्यामुळे दोन मित्र एकाच रेकॉर्डबद्दल तावातावानं भांडत असत आणि प्रत्यक्षात दोघांनी ऐकलेलं वेगळं असे. उलगडा तबकडीतच होता. वाजणारी खोबण संपते आणि कागदी लेबल सुरू होतं, त्यामधल्या गुळगुळीत पट्टीत एक आकडा ठोकलेला असतो. त्याला मेट्रिक्स नंबर म्हणतात. त्याच्या शेवटी येणारा १, २ किंवा ‘ए’, ‘बी’ म्हणजे कितवा टेक. शौकीन माणूस दुकानात तबकडी दिव्याखाली तिरकी धरून आधी हा आकडा वाचायचा, मग किंमत विचारायचा.

हे वेड शास्त्रशुद्ध केलं ते पॅरिसमध्ये. १९३२ साली तिथे ‘हॉट क्लब द फ्रान्स’ उभा राहिला. त्यातली दोन नावं महत्त्वाची: यूग पानासिए आणि शार्ल देलोने. देलोने हा रोबेर आणि सोनिया देलोने या चित्रकार जोडप्याचा मुलगा, स्वतःही चांगला चित्र काढणारा. १९३६ साली त्यानं जॅझ ध्वनिमुद्रणांची सूची छापली. प्रत्येक नोंदीत बँड, वादक आणि त्यांची वाद्यं, गाव, तारीख आणि मेट्रिक्स नंबर. माहिती मिळवायची पद्धत सरळ होती. अमेरिकन वादक पॅरिसला आला की त्याला गाठायचं आणि विचारायचं, की बाबा, हा क्लॅरिनेट कोणाचा? आज जॅझप्रेमी ज्या चालीवर ‘काय ऐकतोय’ ते सांगतो, ती चाल या सूचीतल्या नोंदीची आहे. दोघा मित्रांचं पुढे बिनसलं. महायुद्धानंतर बीबॉप, म्हणजे जॅझची नवी, वेगवान आणि गुंतागुंतीची शैली, आल्यावर पानासिएनं ते जॅझच नाही म्हणून हात झटकले, देलोनेनं ते उचलून धरलं, आणि क्लबात फूट पडली.

हे काम आधी युरोपात झालं, यात नवल नाही. न्यूयॉर्क-शिकागोच्या माणसाला बँड समोर बसून ऐकता यायचा. युरोपातल्याची भिस्त तबकडीवर. इंग्लंडमध्ये तर १९३५पासून अमेरिकन बँडना जवळजवळ बंदीच होती. तिथल्या वादक संघटनेचा आग्रह आणि मजूर खात्याचे परवाने यांत अडकलेला हा मामला थेट १९५६पर्यंत चालला. वीस वर्षं! एवढ्या काळात एक पिढी फक्त रेकॉर्डवर वाढली. लंडनमध्ये १९३३ साली ‘नंबर वन रिदम क्लब’ सुरू झाला आणि बघता बघता गावोगाव त्याच्या नकला निघाल्या. संध्याकाळी खोलीत खुर्च्या मांडायच्या, एका सभासदानं आपल्या रेकॉर्ड काखोटीला मारून आणायच्या, प्रत्येक तबकडीआधी दोन शब्द बोलायचे, सुई टेकवायची, आणि संपल्यावर बाकीच्यांनी वाद घालायचा. याला चक्क ‘रिसायटल’ म्हणत. वाजवणारा एकही हजर नसताना! आमच्या मते ‘आज मी हे ऐकतोय, तुम्ही काय ऐकताय’ या प्रकाराची खरी जन्मखोली तीच.

अमेरिकेत ही जागा एका दुकानानं घेतली. न्यूयॉर्कच्या पूर्वेकडच्या ४२व्या रस्त्यावर मिल्ट गॅबलरचं ‘कमोडोर’ होतं. कंपन्यांनी विक्रीतून काढून टाकलेल्या जुन्या तबकड्या गिऱ्हाईक मागत राहतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं त्या पुन्हा छापून घेतल्या, आणि १९३५पासून अमेरिकेतल्या हॉट क्लबांच्या संघातर्फे काढलेल्या तबकड्यांच्या लेबलवर सगळ्या वादकांची नावं टाकली. आज यात विशेष काहीच वाटत नाही. तेव्हा मोठ्या कंपन्यांना ही उठाठेव वाटत होती.

मग युद्ध आलं. ७८ची तबकडी लाखेची, आणि लाख मुख्यतः हिंदुस्थानातल्या जंगलांतून जाणारी. १९४२च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारनं लाखेच्या वापरावर बंधनं घातली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. बीबॉप आकार घेत होतं नेमकं तेव्हाच स्टुडिओ बंद. त्या काळात बीबॉपचे दोन म्होरके, सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी, एकत्र काय वाजवत होते, याच्या आठवणी खूप आहेत, तबकड्या जवळपास नाहीत. सैन्यासाठी मात्र १९४३पासून ‘व्ही-डिस्क’ निघाल्या, बारा इंची, विक्रीला मनाई असलेल्या. अमेरिकन फौज जिथे गेली तिथे त्या गेल्या. पलीकडच्या बाजूलाही शौकीन होतेच. डिट्रिख शुल्त्स-क्योन हा जर्मन हवाई दलातला अधिकारी. १९४२च्या पॅरिसमध्ये तो गणवेशात, जिप्सी गिटारवादक जांगो राइनहार्ट आणि काळ्या वादकांच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. नाझींनी ज्या ज्या माणसांना हीन ठरवलं होतं ती एका चौकटीत, आणि मध्ये हा.

जपानमध्ये या सवयीला दुकानाचं रूप आलं. ‘जॅझ किस्सा’, म्हणजे जॅझ ऐकण्याची कॉफीची दुकानं, १९२९च्या सुमारास तोक्योत दिसू लागली. योकोहामातलं ‘चिगुसा’ १९३३चं. युद्धात जॅझ शत्रूचं संगीत ठरलं, आणि १९४५च्या हवाई हल्ल्यात चिगुसाच्या रेकॉर्ड दुकानासकट जळाल्या. मालक योशिदा मामोरूंनी पुन्हा जमवाजमव केली, आणि तिथे अमेरिकन सैनिकांच्या व्ही-डिस्क कामी आल्या. तोशिको आकियोशी, सादाओ वातानाबे असे पुढे जगभर गाजलेले वादक तरुणपणी तिथे कॉफी घेऊन बसायचे आणि रेकॉर्ड ऐकून ऐकून सुरावटी उतरवून काढायचे.

१९४८मध्ये एलपी, म्हणजे एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी तबकडी, आली. तिच्या कव्हरच्या मागे नावं, तारखा, दोन कॉलमांचं टिपण, सगळं मिळू लागलं. पण आयात एलपी जपानी विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून किस्साची भरभराट झाली, त्यात १९६१ साली अमेरिकन ड्रमवादक आर्ट ब्लेकीचा बँड येऊन गेला आणि जॅझची लाटच उसळली. भिंतभर स्पीकर, एका कॉफीवर दोन-तीन तास, आणि कित्येक ठिकाणी बोलायला सक्त मनाई. फर्माईश करायची ती एलपीच्या एकाच बाजूची. वाजत असलेल्या रेकॉर्डचं कव्हर काउंटरवर किंवा भिंतीवरच्या छोट्या चौकटीत उभं करून ठेवायचं, म्हणजे कोणी उठून विचारायला नको. तोंडातून शब्द न काढता ‘सध्या हे चाललंय’ सांगायची याहून नेटकी रीत मला तरी माहीत नाही.

नावं मिळाली म्हणून वाद थांबले नाहीत, फक्त जागा बदलली. ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डवर आता लेबलवरचा पत्ता बघतात. ‘४७ वेस्ट ६३’ असेल तर छापाई जुनी. आणि तीच जुनी सवय, गुळगुळीत पट्टीत डोळे घालून कानासारखी एक खूण शोधतात. ती रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची, १९६६पर्यंतची. एवढ्या एका खुणेवर किंमत कितीतरी पटींनी चढते. संगीताशी याचा संबंध किती, हा प्रश्न रास्त आहे.

मुंबईचा धागाही जुना आहे. १९३५मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि १९३६ साली क्रिकेट स्मिथ या अमेरिकन ट्रंपेटवाल्याच्या बँडनं मुंबईतच तबकड्या भरल्या. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगच्या धाटणीवर ट्रंपेट वाजवायचा. त्याच्या बँडच्याही तबकड्या निघाल्या. निरंजन झवेरींसारख्या शौकिनांच्या धडपडीतून १९७८मध्ये ‘जॅझ यात्रा’ उभी राहिली, तेव्हा सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स मुंबईकरांनी समोर बसून ऐकला. काळा घोड्याच्या ‘रिदम हाऊस’मध्ये काचेच्या खोलीत रेकॉर्ड लावून ऐकायची सोय होती, ते दुकान २०१६मध्ये बंद झालं. हाच चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे साहाय्यक होता. ‘अलबेला’च्या गाण्यांत हॉटेलातला जॅझ सरळ शिरलेला ऐकू येतो. त्या सिनेमांच्या तबकड्यांवर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एवढंच छापलेलं आहे. सॅक्सोफोन, ट्रंपेट, व्हायोलिन वाजवणारे गोवेकर त्यावर नाहीत. त्यांची यादी करायची तर देलोनेचीच पद्धत लागू पडते. जुन्या वादकांना, आणि ते नसतील तर त्यांच्या मुलाबाळांना, गाणं ऐकवून विचारायचं, आणि दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहून ठेवायची.