सांडलेला चहा, वाळलेला कीबोर्ड आणि जुलैतला बिघाड

नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉपवर चहा सांडला, तर तो पुसून यंत्र दिवसभर उघडे ठेवले की ४५ अंशांच्या कोरड्या हवेत ते खडखडीत वाळते, पुन्हा सुरू होते आणि आपण निश्चिंत होतो. मग पावसाळा लागतो आणि त्याच कीबोर्डवरची काही अक्षरे उमटेनाशी होतात, किंवा एखादे अक्षर कुणी हात न लावता ओळभर उमटत राहते. या दोन घटनांचा संबंध सहसा कुणी लावत नाही. तो लावायला हवा, कारण पाणी उडून गेले तरी त्यात विरघळलेले पदार्थ आतच राहतात.

शुद्ध पाणी विजेचे फार दुबळे वाहक आहे. पेंच किंवा कन्हानहून आलेल्या नळाच्या पाण्यात मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार असतात; चहात दुधातले क्षार आणि साखर यांची भर पडते, तर संत्र्याच्या रसात सायट्रिक आम्ल असते. बहुतेक लॅपटॉपच्या कळांखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे एकमेकांवर बसवलेले असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीयुक्त शाईच्या बारीक रेघा छापलेल्या असतात आणि मधल्या पापुद्र्याला प्रत्येक कळेखाली भोक असते. कळ दाबली की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. द्रव या फटींत केशाकर्षणाने ओढला जातो, म्हणून वरून कोरडा दिसणारा कीबोर्ड आतून बराच काळ ओला असू शकतो.

अशा ओल्या जागी वीज सुरू असेल, तर धन बाजूच्या रेघेतली चांदी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या रूपाने द्रवात उतरते आणि ऋण बाजूच्या रेघेवर झाडाच्या फांद्यांसारखी साचत जाते. एकीकडे रेघ झिजून तुटते, दुसरीकडे नको तिथे जोड तयार होतो. एकेक रेघ अनेक कळांना सामाईक असल्याने ती तुटली की एकाच वेळी कळांचा अख्खा गट निकामी होतो. मदरबोर्डवरच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किटच्या पट्टीवरच्या तांब्याचेही हेच होते, आणि तिथले नुकसान कितीतरी महाग पडते.

म्हणून पहिले काम वीज तोडण्याचे. भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढावा, काम जतन करण्यात वेळ न घालवता पॉवरची कळ यंत्र बंद होईपर्यंत दाबून धरावी आणि लॅपटॉप उलटा, तंबूसारखा उभा करावा. नव्या यंत्रांत बॅटरी आत असते आणि यंत्र बंद असतानाही मदरबोर्डच्या काही भागांना ३.३ किंवा ५ व्होल्ट मिळत राहतात. पाण्याचे विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टलाच सुरू होऊ शकते, म्हणजे बंद यंत्रातही झीज चालू राहू शकते; हे पाहता नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या किंवा जवळच्या कारागिराकडून त्याच दिवशी झाकण उघडून बॅटरीचा जोड काढून घेणे, हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो.

वाळवण्याच्या घरगुती उपायांत तांदळाचा डबा निरुपयोगी आहे. तो पापुद्र्यांमधले पाणी ओढू शकत नाही. गच्चीवरचे ऊन लिथियम बॅटरीला धोक्याचे. आणि नागपुरात घरोघरी असलेल्या कूलरसमोर लॅपटॉप ठेवणे तर उलटेच काम, कारण कूलरचा वारा थंड असतो तो ओलाव्यामुळेच. सावलीतला साधा पंखा पुरे.

तरीही क्षार उरतातच. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच ओलावा शोषून विरघळते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरची हवा ही मर्यादा अनेकदा ओलांडते. मेमध्ये निद्रिस्त असलेला थर असा पुन्हा वाहक होतो. मदरबोर्डवरचा थर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन काढता येतो. कीबोर्डचे पापुद्रे सहसा चिकटवलेले असल्याने तो बदलणेच बरे. काही यंत्रांत कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो, त्यामुळे कव्हरसकट बदलावा लागू शकतो. भाव ठरवण्याआधी हे विचारून घ्यावे. तोवर यूएसबीचा सुटा कीबोर्ड लावून काम चालवता येते, मात्र मदरबोर्ड तपासून साफ झाल्यानंतरच.