भिंतीवरच्या पोस्टरात लपलेले सात वार

हल्ली घर सजवायला 'मध्ययुगीन विश्व' म्हणून पोस्टर मिळतात, सोफ्यामागे एकदम भारी दिसतात. त्यातलं एक जाम चालतं, एक माणूस आकाशाच्या घुमटातून डोकं बाहेर काढून पलीकडची चक्रं बघतोय ते. पण ते मध्ययुगीन वगैरे काही नाही, फ्लामारिओन या फ्रेंच लेखकाच्या १८८८ च्या पुस्तकात ते पहिल्यांदा दिसतं. आणि वर लोक म्हणणार, बघा, तेव्हा पृथ्वी सपाट मानायचे! अहो, युरोपात १३व्या शतकापासून विद्यापीठांत साक्रोबोस्को या लेखकाचं खगोलाचं जे पुस्तक शिकवायचे त्यात पृथ्वी चांगली गोल आहे.

घ्यायचंच तर पीटर एपियन या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं १५२४ चं चित्र घ्या. तेही तसं उशिराचंच, पण कल्पना अस्सल जुनी. मधोमध पृथ्वी, भोवती हवा आणि आगीचं कडं, मग चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी अशी एकात एक वर्तुळं, त्यापलीकडे तारे आणि सगळ्यात बाहेर देवाचं घर.

हा क्रम आला कुठून? तर वेगावरून. ताऱ्यांमधून एक फेरी मारायला चंद्राला २७ दिवस, सूर्याला १ वर्ष, मंगळाला जवळपास २, गुरूला १२ आणि शनीला साडेएकोणतीस वर्षं, म्हणून जो सावकाश तो लांब. बुध-शुक्र सूर्याला सोडतच नाहीत, तिथे मात्र अंदाजपंचे.

आता गंमत बघा. बाहेरून आत येत एकेक तास एकेका ग्रहाला द्या, पहिला शनीला. दिवसाचा पहिला तास ज्याचा, त्याचंच नाव त्या वाराला. २४ ला ७ ने भागलं की बाकी ३, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढे, रवीला. तिथून तीन घरं पुढे सोम. मग यादी परत शनीपासून, शनी, गुरू, मंगळ, की आला मंगळवार! पुढचे स्वतः मोजा. आर्यभटानेही ४९९ च्या सुमारास हेच लिहिलंय, फक्त तो सुरुवातीचा ग्रहही मोजून 'चौथा' म्हणतो.

साडेसातीही यातलीच, शनीची साडेएकोणतीस वर्षं भागिले बारा राशी म्हणजे राशीला साधारण अडीच वर्षं, गुणिले तीन राशी (आपली, आधीची आणि नंतरची). नुसता गुणाकार आहे हो, त्यासाठी तेल कशाला ओतायचं!

पोस्टर घेताना चंद्रापासून मोजून चौथ्या वर्तुळात सूर्य आहे ना ते बघा, मधोमध असेल तर ते कोपर्निकसचं. सेलारिउस या नकाशाकाराच्या १६६० च्या आकाशाच्या ॲटलासमधली रंगीत चित्रं पण 'मध्ययुगीन' म्हणून खपवतात, तेव्हा तर गॅलिलिओ जाऊनही १८ वर्षं झाली होती.