गोव्याची वीज कोण मोजतं, कशी मोजतं

२०५० पर्यंत गोव्याची सगळी वीज अक्षय स्रोतांतून यावी, असं उद्दिष्ट राज्य सरकारनं जाहीर केलं आहे. त्यावर मतं पुष्कळ ऐकू येतात. पण आज आपण नेमके कुठं आहोत हे शोधायला बसलं की पहिली अडचण आकड्यांचीच येते. केंद्रीय वीज प्राधिकरणाचा एक आकडा, जनगणनेचा दुसरा, अक्षय ऊर्जा मंत्रालयाचा तिसरा, वीज नियामक आयोगापुढच्या याचिकेतला चौथा. ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि मग "सरकारी आकडे, सोडून द्या" म्हणून विषय तिथंच मिटतो. मला हे पटत नाही. यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी गरजेपोटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्न कळला की आकडा वाचता येतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात विजेचा कायदा १९१० साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यानं राज्यांसाठी वीज मंडळांची आणि देशासाठी केंद्रीय वीज प्राधिकरणाची तरतूद केली. प्राधिकरण १९५१ साली अर्धवेळ स्वरूपात सुरू झालं आणि १९७५ पासून पूर्णवेळ झालं. देशभर विजेच्या नोंदींची ही घडी बसत होती तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. वीज होती ती मोजक्या शहरांत, डिझेलच्या जनित्रांवरची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६३ साली सरकारचं वीज खातं उभं राहिलं. बहुतेक राज्यांत मंडळं होती, २००३ च्या कायद्यानंतर बहुतेकांच्या कंपन्या झाल्या. गोव्यात मात्र आजही सरकारी खातंच थेट घरात वीज पोचवतं. उच्चदाबाच्या वाहिन्यांपासून घरच्या मीटरपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्यामुळे एकाच खात्याच्या दप्तरात असतात, ही अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीनं सोयीची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. गोवा स्वतःची वीज जवळजवळ बनवत नाही. तिळारीचं जलविद्युत केंद्र आपल्या सीमेला लागून असलं तरी ते महाराष्ट्राचं. सांकवाळला ४८ मेगावॅटचं एक खासगी केंद्र काही वर्षं चाललं, आमोण्याला लोखंड प्रकल्पातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज तयार होते. बाकी सगळी बाहेरून: कोल्हापूरकडून ४०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या वाहिनीनं कोलवाळला उतरणारी, छत्तीसगड-मध्य प्रदेशातल्या कोळशाच्या केंद्रांची, दक्षिणेकडून तेलंगणातल्या रामगुंडम केंद्राच्या वाट्याची. त्यामुळे इथली मोजणी मुख्यतः "किती आली आणि कुठं गेली" याची आहे. जिथं वीज राज्यात शिरते तिथल्या मीटरवर दर १५ मिनिटांची नोंद होते. आपल्या पडवीतल्या मीटरची नोंद मात्र वर्षानुवर्षं माणूस दारात येऊन आकडा टिपून घेईल तेव्हाच होत आली. दोन टोकांच्या नोंदींमध्ये एवढं अंतर असताना मधली गळती, चोरी आणि चुकलेलं रीडिंग एकाच "हानी" या शब्दात जमा होतं.

आता सर्वेक्षणाकडे. देशाचं विद्युत शक्ती सर्वेक्षण साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. त्याचा विसावा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. सर्वेक्षण असं नाव असलं तरी यात कुणी घरोघर जाऊन विचारपूस करत नाही. घरगुती, व्यापारी, शेती, पाणीपुरवठा, पथदीप, लहान उद्योग, मोठे उद्योग, रेल्वे असे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात ग्राहक किती आणि सरासरी वापर किती याचा मागचा कल बघायचा, येऊ घातलेल्या मोठ्या मागण्या त्यात मिळवायच्या आणि पुढच्या वर्षांची गरज काढायची. मूळ हेतू एकच होता: नवी केंद्रं आणि वाहिन्या किती उभारायच्या हे ठरवणं. तुटवड्याच्या काळात जन्मलेली ही पद्धत आहे, तिचं सगळं लक्ष "अजून किती लागेल" याकडे.

मागचा कल पुढं न्यायचा तर मागची वर्षं बऱ्यापैकी सुरळीत असावी लागतात. गोव्यात ती तशी नव्हती. १९९१ साली नव्या उद्योगांना वीजबिलात २५ टक्के सूट जाहीर झाली आणि त्या सुमारास वीज पिणारे कारखाने इथं आले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २०२० मध्ये कोविडनं हॉटेलं ओस पडली. यातलं कुठलं वर्ष पाया धरायचं यावर दहा वर्षांनंतरची मागणी बरीच वरखाली होते. बाहेरून वीज आणण्यासाठी मोल्याच्या अभयारण्यातून जाणाऱ्या नव्या तमनार वाहिनीवर वाद पेटला, तेव्हा झाडांइतकीच चर्चा "गोव्याला खरोखर किती वीज लागणार" याचीही झाली. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं आधीच्या वाहिनीचा मार्ग वापरण्याची शिफारस केली. अंदाजातला एक आकडा जंगलातल्या वाटेपर्यंत जाऊन भिडतो, हे गोव्यानं तेव्हा जवळून पाहिलं.

आकडे देणं ही आधी बरीचशी रिवाजाची बाब होती, २००३ च्या वीज कायद्यानं ते बंधन केलं. कलम ७३ नं निर्मिती, पारेषण, वितरण आणि वापराची माहिती गोळा करण्याचं काम प्राधिकरणाकडे सोपवलं, कलम ७४ नं ती माहिती पुरवणं वीज कंपन्या आणि निर्मात्यांवर बंधनकारक केलं. २००७ च्या विनियमांनी नमुने आणि वेळापत्रक ठरवून दिलं. राज्यात पर्वरीचं नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यांकन संचालनालय हेच आकडे आपल्या वार्षिक पुस्तिकेत छापतं. पण मला विचाराल तर सगळ्यात तपशीलवार माहिती वेगळ्याच ठिकाणी आहे. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग, ज्याच्या कक्षेत गोवा २००८ साली आला, त्याच्यापुढे वीज खातं दर ठरवण्यासाठी याचिका सादर करतं. कुठल्या टप्प्यातले ग्राहक किती, वीज कुठून कितीला घेतली, हानी किती, हे सगळं तिथं असतं आणि त्यावर जाहीर सुनावणीही होते. वीजबिल वाढलं की आपण चहाच्या टपरीवर बोलतो. त्या सुनावणीला जाणारे थोडेच.

दरडोई वापराचा आकडा हा गोव्याबद्दल सर्वात जास्त चुकीचा वाचला जाणारा आकडा. गोव्याचा दरडोई वीजवापर देशाच्या सरासरीहून बराच वर आहे, आणि त्यावरून "गोंयकार विजेची उधळण करतो" असा निष्कर्ष सहज निघतो. हिशेब कसा होतो ते पाहा. वर, म्हणजे अंशात, राज्यात लागलेली सगळी वीज: घरं, पोलाद कारखाने, औषधांच्या कंपन्या, कळंगुट-बागाची वातानुकूलित हॉटेलं. खाली, छेदात, फक्त इथं राहणारी माणसं, २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५. वर्षभर येणारे पर्यटक वीज वापरतात वरच्या आकड्यात, मोजले जात नाहीत खालच्या आकड्यात. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरच्या दोन पंख्यांचा आणि एका फ्रिजचा या सरासरीशी काडीचा संबंध नसतो.

गावात वीज आहे की नाही, ही वरवर सोपी वाटणारी गोष्ट. तिची व्याख्या दोनदा बदलली. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कारणासाठी वीज वापरात असली, अगदी एक पंप चालत असला, तरी गाव विद्युतीकृत. मग वस्तीत वीज हवी अशी अट आली. २००४ मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि वाहिनी वस्तीत असावी, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र यांना जोडणी मिळावी आणि किमान १० टक्के घरांत वीज असावी, असं ठरलं. म्हणजे १०० पैकी ९० घरं अंधारात असली तरी कागदावर गाव उजळलेलं. लहान गावांच्या गोव्यानं गावांची मोजणी लवकर पुरी केली, पण डोंगरातल्या धनगरवाड्याचा प्रश्न गावाच्या रकान्यात कधी दिसतच नाही.

जनगणना घराकडे जाते, म्हणून ती मला जास्त जवळची वाटते. दिव्याचा मुख्य स्रोत कोणता, असं ती विचारते: वीज, रॉकेल, सौर, इतर तेल, इतर काही, की दिवाच नाही. २००१ मध्ये गोव्यातल्या ९३.६ टक्के कुटुंबांनी वीज सांगितली, २०११ मध्ये ९६.९ टक्क्यांनी. चांगलीच गोष्ट. पण प्रश्न "मुख्य" स्रोताचा आहे आणि उत्तर एकच घ्यायचं आहे. वीज आहे पण संध्याकाळी किती तास जाते, छपरावर सौर बंब आहे का, इन्व्हर्टर आहे का, हे त्यात येणार नाही.

शिवाय गोव्यात घर आणि कुटुंब यांचं गणित निराळं आहे. २०११ मध्ये इथल्या दर पाच घरांपैकी एकाहून थोडं जास्त घर रिकामं नोंदलं गेलं. पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर अशी चार घरं आहेत. वर्षभर कुलूप, मीटरचं चाक जागेवर. चवथीच्या आदल्या दिवशी मुंबईहून माणसं उतरतात, दारं उघडतात, पंप सुरू होतो, फ्रिज लागतो, गणपतीवरच्या माटोळीवर दिव्यांच्या माळा चढतात. संध्याकाळच्या आरतीला सगळ्या घरांत एकदम दिवे लागले की वडाखालच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलतो आणि आमच्या पडवीतली ट्यूब लुकलुकत राहते, पेटत नाही. माझी आई तेवढ्यासाठी समई आधीच भरून ठेवते. जनगणनेच्या कागदावर ही घरं रिकामी, वीज खात्याच्या कागदावर ती ग्राहक, आणि वार्षिक सरासरीत त्या पाच दिवसांचा मागमूस नाही. ट्रान्सफॉर्मर किती क्षमतेचा हवा हे ठरतं मात्र त्याच पाच दिवसांवर.

अक्षय ऊर्जेची मोजणी सुरू झाली ती उन्हापासून आणि वाऱ्यापासून. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात हवामान खात्यानं देशात सौर प्रारणाची पद्धतशीर नोंद सुरू केली. त्यासाठीची उपकरणं देशात बनवण्याचं आणि पुढं ते सगळे आकडे एकत्र छापण्याचं काम हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी केलं. पुढं त्या नोंदींच्या केंद्रांत गोवाही आला. आज छपरावर पॅनेल बसवणारा "तुमच्याकडे वर्षाला इतकी युनिटं मिळतील" असं सांगतो, त्याच्या मागं ही चिकाटी आहे. पावसाळ्याचे चार महिने धरून गोव्याच्या आकाशाची नोंद कुणीतरी रोज करत राहिलं म्हणून तो अंदाज करता येतो. सरकारी यंत्रणा नंतर आली: १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठीचा आयोग, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा विभाग, १९९२ मध्ये मंत्रालय, आणि २००६ मध्ये त्याचं आजचं नाव.

२०१४ मध्ये राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेनं राज्यांची सौर क्षमता काढली. देशाची सुमारे ७४८ गिगावॅट, गोव्याची ८८० मेगावॅट. हा गोव्याचा आकडा अजून सरकारी तक्त्यांत फिरतो आहे. तो आला कुठून? पडीक जमिनीच्या ३ टक्के भागावर पॅनेल बसतील, असं गृहीत धरून. इथं मी थांबतो, कारण आपल्याकडे "पडीक" म्हणजे बहुधा सडा, जांभ्या खडकाचं पठार. उन्हाळ्यात काळा, भाजलेला, वर एक झुडूप नाही. पावसाची पहिली झड येऊन गेली की त्याच जांभ्यावर गवत येतं, श्रावणात रानफुलं अंथरली जातात, गुरं चरतात, आणि खाली झिरपलेलं पाणी पायथ्याच्या झरीतून पोफळीच्या कुळागरात उतरतं. उपग्रहाच्या नकाशात सड्याचा रंग ओसाड जमिनीचा आहे. ज्यानं तिथं गुरं राखली त्याला विचारलं तर तो हा रंग वेगळा देईल. क्षमतेचा आकडा वाचताना ही जमीन डोळ्यांपुढं असावी, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

छपरांची गोष्ट याहून बारीक आहे. गोव्याचं सौर धोरण २०१७ मध्ये आलं, नियामक आयोगाचे नेट मीटरचे नियम त्याआधीच होते, फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. माझ्या मावसभावानं म्हापशाला पॅनेल बसवली. एका स्वच्छ दिवशी संध्याकाळी त्याच्या इन्व्हर्टरवर १२ युनिटं दिसत होती. नेट मीटरवरून बाहेर गेलेली युनिटं ७. उरलेली ५ घरातच खर्च झाली: पंप, मिक्सर, दुपारचा पंखा. नेट मीटर फक्त बाहेर काय गेलं आणि बाहेरून काय आलं एवढंच सांगतो. पूर्ण १२ मोजायची तर निर्मितीचा वेगळा सौर मीटर हवा आणि त्याचं रीडिंगही कुणीतरी नोंदवायला हवं. नाहीतर त्या ५ युनिटांपुरता त्या घराचा वापर कमी झाल्यासारखा दिसतो, आणि अंदाज बांधणारा त्याला बचत समजतो.

आता याला कायद्याचं वजन आलं आहे. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०२३ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार वीज वितरकांच्या एकूण विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के व्हायचा आहे, आणि त्यात एकूण विजेच्या ४.५ टक्के हिस्सा छपरांसारख्या विखुरलेल्या छोट्या प्रकल्पांतून यायचा आहे. मावसभावाच्या छपरावरच्या १२ युनिटांना त्या हिशेबात जागा आहे. सौर बंबानं वाचवलेल्या विजेला नाही, कारण बंब वीज बनवत नाही, आणि त्याला मीटरही नसतो.

२०२१ ची लांबलेली जनगणना आता २०२७ साठी ठरली आहे. घरयादीचा माणूस दारात येईल तेव्हा दिव्याच्या प्रश्नाला आमच्या वाड्यावरची उघडी घरं "वीज" असंच उत्तर देतील, आणि कुलूपबंद चार घरांपुढं तो "रिकामं" लिहून पुढं जाईल.