शिसं पेट्रोलमध्ये राहिलं ते कुणाच्या निर्णयानं?

दुसऱ्या महायुद्धावर चर्चा रंगली की एक विधान हमखास येतं: १९४० साली ब्रिटनचं आकाश शिशाच्या पेट्रोलनं वाचवलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, की पेट्रोलमध्ये शिसं घालणं ही त्या काळाची गरजच होती, ते विष आहे हे नंतर कळलं. पहिल्या विधानात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. विष असल्याचं आधीच माहीत होतं, आणि त्यावरचा निर्णय युद्धाच्या तेरा वर्षं आधी होऊन गेला होता.

इंजिनात मिश्रण जास्त दाबलं की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. हे नॉकिंग थांबवणारा पदार्थ एका अमेरिकी मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१ मध्ये सापडला: टेट्राएथिल लेड, शिशाचं एक संयुग. सुमारे ३.८ लिटरच्या अमेरिकी गॅलनला तीनेक घन सेंटिमीटर पुरे. अल्कोहोलनंही नॉकिंग थांबतं हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. पण ते मोठ्या प्रमाणात मिसळावं लागलं असतं, आणि अल्कोहोलवर कुणाला पेटंट मिळणार नव्हतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं. नावात 'एथिल' होतं, शिशाचा उल्लेख नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या तेल शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. पाच जण गेले, तीसहून अधिक आजारी पडले. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियानं विक्रीवर बंदी घातली. त्याच महिन्यात शोध लावणाऱ्या इंजिनियरनं पत्रकारांसमोर या रसायनानं हात धुऊन दाखवले आणि त्याची वाफही हुंगली. आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे त्याला स्वतःला रजेवर जावं लागलं होतं.

पुढच्या पन्नास वर्षांचं जे काही ठरलं ते २० मे १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये बोलावलेल्या परिषदेपासून. बैठक एकाच दिवसात आटोपली. उत्पादकांची बाजू अशी की मोटारीची प्रगती या रसायनाशिवाय अडेल. एका तेल कंपनीच्या अधिकाऱ्यानं तर याला देवाची देणगी म्हटलं. कामगारांच्या आजारांवर आयुष्य वेचलेल्या एका डॉक्टर बाईंचा मुद्दा साधा होता: कारखान्याच्या भिंतीआड काळजी घेता येईल, सगळ्या देशात ती कोण घेणार? धुरातून जाणारं शिसं रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या वाट्याला येणार होतं. कंपनीनं विक्री तात्पुरती थांबवली आणि प्रश्न सात तज्ज्ञांच्या समितीकडे गेला.

समितीनं २५२ माणसं तपासली. त्यात ड्रायव्हर होते, गॅरेजमध्ये काम करणारे होते. काहींचा संबंध शिशाच्या पेट्रोलशी येत होता, काहींचा नव्हता. हाताशी वेळ सुमारे सात महिन्यांचा. शिशाचा आजार शरीरात साठत साठत वर्षानुवर्षांनी दिसतो, हे शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यातल्या कामगारांच्या डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं. एकाही मुलाची तपासणी झाली नाही. जानेवारी १९२६ च्या अहवालात समितीनं म्हटलं की योग्य नियमन असेल तर बंदी घालण्याइतकं सबळ कारण आज दिसत नाही. मात्र याच अहवालात असंही लिहिलं आहे की वापर वाढला आणि काळ लोटला तर चित्र बदलू शकेल, म्हणून सरकारी खर्चानं तपासणी चालू ठेवावी.

पहिलं वाक्य गाजलं, दुसरं फायलीत राहिलं. सरकारी तपासणी पुढे झाली नाही. जवळजवळ चाळीस वर्षं या विषयावरचं बहुतेक संशोधन उद्योगाच्याच पैशावर चाललं. समितीला दोष देणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते त्यांना मिळालेला वेळ आणि दाखवलेली सावधगिरी पाहता मोठा दोष त्यांचा नाही. त्यांनी प्रश्न उघडा ठेवला होता. तो मिटला असं ज्यांनी जाहीर केलं आणि ज्यांनी ते होऊ दिलं, दोष त्यांचा.

आता युद्धाबद्दल. ब्रिटिश हवाई दलानं १९४० च्या वसंतात आपल्या लढाऊ तुकड्या ८७ ऑक्टेनवरून १०० ऑक्टेनवर आणायला सुरुवात केली. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा तितका जास्त दाब इंधन नॉकिंगशिवाय सोसतं. त्यामुळे त्यांच्या लढाऊ विमानांतल्या मर्लिन इंजिनाचा बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा जादा दाब, चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला आणि कमी उंचीवर विमानांचा वेग चांगलाच वाढला. उन्हाळ्यात किती तुकड्या नव्या इंधनावर होत्या यावर अजून भांडणं होतात. तुकड्यांच्या नोंदी पाहता वापर व्यापक होता असंच दिसतं. पण शिसं दोन्हीकडे होतं! जर्मनांच्या नेहमीच्या ८७ ऑक्टेन इंधनातही तेच होतं, आणि ते बनवण्याचं तंत्र त्यांना १९३० च्या दशकात अमेरिकी कंपनीशी केलेल्या भागीदारीतून मिळालं होतं. फरक पडला तो आयसो-ऑक्टेनसारख्या, मुळातच नॉकिंग कमी करणाऱ्या सरस मूळ इंधनामुळे आणि ते मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या शुद्धीकरण कारखान्यांमुळे. शिवाय युद्धातल्या विमानाला जे लागलं त्यावरून शांततेच्या काळातल्या मोटारीला ते हवंच होतं असं सिद्ध होत नाही.

१९६५ मध्ये पृथ्वीचं वय मोजणाऱ्या एका भूरसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढलेलं आहे. तरी शिसं हटायला जोर मिळाला तो गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. शिशानं त्यातलं प्लॅटिनम निकामी होतं, म्हणून अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बिनशिशाचं पेट्रोल आवश्यक झालं. १९७६ ते १९८० दरम्यान तिथल्या लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घटलं.

आपल्याकडे जून १९९४ पासून चार महानगरांत लिटरला ०.१५ ग्रॅम शिशाचं पेट्रोल आलं, एप्रिल १९९५ पासून तिथल्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर फक्त तेच. १९९७ मध्ये मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या रक्तात डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं होतं. २००२ मध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलं. मुलांसाठी इतका मोठा फरक पाचेक वर्षांत क्वचितच घडवता येतो, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. शेवटचा देश अल्जीरिया. तिथे विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

मागे पडलेलं अल्कोहोल मात्र परतलं. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, आता प्रमाण २० टक्क्यांवर आहे. मायलेज आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांबद्दलच्या तक्रारींना उत्तर मिळायलाच हवं. पण इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो ही गोष्ट साखर कारखान्यांच्या सोयीसाठी आज कुणी काढलेली नाही, ती शंभर वर्षं जुनी आहे.

शिसं अजून उरलं आहे ते हवेत. बारामतीला शिकाऊ वैमानिक ज्या जातीची पिस्टन इंजिनची छोटी विमानं उडवतात, त्यांतली बहुतेक १०० एलएल या इंधनावर चालतात. एलएल म्हणजे लो लेड, कमी शिसं, तरी त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं, म्हणजे १९९४ च्या महानगरी पेट्रोलच्या जवळजवळ चौपट. २०२२ पासून हे इंधन वडोदऱ्याजवळ बनू लागलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी पर्यावरण यंत्रणेनं या विमानांच्या धुरातलं शिसं आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे ठरवलं, आणि तिथे ते २०३० पर्यंत काढून टाकण्याचं उद्दिष्ट आहे.