जाळं नसलेला ट्रॉलर : लांब पल्ल्याच्या मोटरबोटीमागची गोष्ट

बडोद्याच्या मराठी घरांत बोटीचा विषय सहसा निघत नाही. आपली नदी विश्वामित्री, तिच्यात मगरी. तलाव म्हणाल तर सूरसागर. जवळचा समुद्र जंबुसरपलीकडे कावी-कंबोईला. तो भरतीला महादेवाचं देऊळ बुडवतो आणि ओहोटीला मैलभर चिखल सोडून मागे जातो. पण सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरकडे स्थायिक झालेला एखादा भाचा फोनवर सांगतो, "मामा, बोट घेतली." मग फोटो येतात आणि दांडिया बाजारातल्या मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्पीड किती?" उत्तर येतं, ताशी पंधरा किलोमीटर, तेही रेटून चालवली तर. घराच्या किमतीची वस्तू घेऊन स्कूटरपेक्षा हळू जायचं, हे काही मामांना पटत नाही. या लांब पल्ल्याच्या मोटरबोटींचा जवळजवळ सगळा इतिहास मात्र त्या पंधराच्या आकड्यात आहे.

शिडाच्या होडीनं महासागर ओलांडणं जुनंच. इंजिनावर तोच प्रवास करायचा तर अडचण एकच होती : वारा वाटेत फुकट मिळतो, तेल मिळत नाही. ते निघतानाच सगळं बरोबर घ्यावं लागतं, आणि जितकं जास्त घ्यावं तितकी बोट जड होऊन तेल जास्त पिते. १९०२ साली न्यूयॉर्कहून 'एबियल अ‍ॅबट लो' नावाची ३८ फुटी बोट रॉकेलच्या इंजिनावर निघाली आणि ३६ दिवसांनी इंग्लंडच्या फालमथ बंदराला लागली. बोटीवर कॅप्टन न्यूमन आणि त्याचा किशोरवयीन मुलगा, दोघंच. हा सगळा खटाटोप त्या इंजिनाच्या जाहिरातीसाठी होता. वाटेत टाक्या गळायला लागल्या आणि बापलेकांनी पुढचे दिवस रॉकेलाच्या वासात आणि चिकटाईत काढले. दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, बोटींवरच्या एका मासिकाचा संपादक टॉमस फ्लेमिंग डे आणखी तिघांना घेऊन ३५ फुटी 'डेट्रॉइट'मधून अमेरिकेहून थेट रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला पोचला. त्याच वर्षी डेन्मार्कचं 'सेलांडिया' हे डिझेलवर चालणारं मोठं मालवाहू जहाज बँकॉकच्या सफरीला निघालं होतं. डिझेल लहान बोटींत यायला मात्र अजून वेळ होता. १९३६ साली मारँ-मारी या फ्रेंच चित्रकारानं 'आरिएल' ही डिझेल बोट न्यूयॉर्कहून फ्रान्सच्या ल आव्हरला एकट्यानं नेली, १९ दिवसांत. या सगळ्यांकडे लोकांनी मर्दुमकी म्हणून पाहिलं. कुटुंब घेऊन असं जावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं रॉबर्ट बीब या अमेरिकन नौदलातल्या कॅप्टनच्या. शिडं सांभाळायला तरणी माणसं लागतात. निवृत्त नवरा-बायकोला समुद्र ओलांडायचा असेल तर इंजिनच बरं, पण ते हळू चालणारं, एवढं साधं त्याचं म्हणणं. त्यानं स्वतः आखलेली ५० फुटी 'पॅसेजमेकर' सिंगापूरला बांधून घेतली आणि १९६३ मध्ये हिंदी महासागर, तांबडा समुद्र असं करत ग्रीसला नेली. पुढे १९७५ मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यातली गणितं आजही बोट घेणारे पेन्सिल घेऊन सोडवत बसतात. मला स्वतःला या सगळ्या मंडळींमध्ये बीब सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यानं धाडसापेक्षा हिशेबाला महत्त्व दिलं.

हिशेब असा. जड बोट पाण्यात चालताना स्वतःचीच लाट उभी करते. वेग वाढला की ही लाट लांब होते. ती बोटीच्या लांबीएवढी झाली की बोटीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो आणि त्यापुढे कितीही तेल जाळलं तरी वेग फारसा वाढत नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं टाकीत लहान नमुने ओढून हे तपासलं. ढोबळ सूत्र म्हणजे बोटीची पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं. वेगाची मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मिळते. ३६ फुटांना ८ नॉट, म्हणजे मामांचे पंधरा किलोमीटर. आणि खरी मेख याच्या खाली आहे. मैलामागे जळणारं तेल साधारण वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतं, त्यामुळे ८ ऐवजी साडेसहा नॉटनं गेलं तर त्याच टाकीत निम्म्याहून जास्त अंतर वाढीव मिळतं. कॅलिफोर्नियाहून हवाई बेटं सुमारे २,१०० सागरी मैल. साडेसहा नॉटनं तेरा-साडेतेरा दिवस. टाकी ३,८०० लिटरची आणि त्यातलं दहा टक्के हाताशी राखलं, तर तासाला साडेदहा लिटरच्या आत भागवावं लागतं. वाटेत पेट्रोलपंप नाही. ज्याला हा हिशेब पटत नाही त्यानं स्पीडबोट घ्यावी आणि संध्याकाळी घरी यावं.

अशी जड, खोल बुडाची, हळू चालणारी, आठवडेच्या आठवडे समुद्रात राहणारी बोट आधीच अस्तित्वात होती : मासेमारीची. उत्तर अटलांटिकमधल्या आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या बोटींवरूनच या मोटरबोटींची अंगयष्टी आली, म्हणून त्यांना आजही ट्रॉलर म्हणतात. १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या 'अमेरिकन मरीन'नं ग्रँड बँक्स या नावानं लाकडी बोटी काढल्या. नाव न्यूफाउंडलंडजवळच्या मासेमारीच्या उथळ पट्ट्याचं आणि घडण हाँगकाँगच्या सुतारांची. दिसायला त्या ट्रॉलर असल्या तरी बहुतेक किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरण्यासाठीच होत्या. पुढे फायबरग्लास आलं, कारखाने तैवानला गेले, आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं तैवानमध्ये बांधलेली नॉर्डहाव्हन ४६ बाजारात आणली. बीबचं गणित प्रथमच तयार मालासारखं विकत मिळू लागलं. २००१-०२ मध्ये याच कंपनीची अवघी ४० फुटी बोट पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. खलाशी टप्प्याटप्प्यानं बदलत होते, बोट तीच.

बोटीच्या आतली सामग्रीही अशीच ठिकठिकाणांहून गोळा झालेली आहे. गोल बुडाची बोट पाळण्यासारखी डोलते. त्यावर उपाय मच्छीमारांचाच : दोन्ही बाजूंना लांब काठ्या काढून त्यांना दोरीनं धातूचे पंख टांगायचे, ते पाण्यात खोल राहून डोलणं मोडतात. बीबनं हेच उचललं. आता बोटीच्या पोटाला यंत्रानं हलणारे पंख बसवतात किंवा वेगानं फिरणारं जड चाक आत ठेवतात. खर्च वाढला, तत्त्व तेच राहिलं. नांगराची गोष्ट तर मोठी गमतीची. 'सीक्यूआर' हा नांगराच्या फाळासारखा जहाजी नांगर १९३३ मध्ये जी. आय. टेलर यांनी शोधला. द्रवगतीशास्त्रातलं विसाव्या शतकातलं हे थोर नाव, आणि त्यांना काळजी होती ती आपली होडी रात्री वाहून जाऊ नये याची.

गोड्या पाण्याच्या यंत्राचा धागा मात्र आपल्याकडे येतो. समुद्राचं पाणी पडद्यातून दाबून मीठ वेगळं करण्याचा वापरण्याजोगा पडदा १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवला. सौरीराजन मूळचे भारतीय. आपल्या शेजारच्या भावनगरला १९५४ पासून असलेली केंद्रीय मीठ संशोधन संस्थाही पुढे याच पडद्यांवर काम करू लागली. लांब पल्ल्याच्या बोटीवर हे यंत्र आलं आणि पाण्याच्या टाक्यांची जागा तेलाला मिळाली. दिशादर्शनाचा मोठा टप्पा मे २००० मधला. अमेरिकेनं जीपीएसच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सूर्य-तारे पाहून जागा काढायचा सेक्स्टंट कपाटात गेला. शहाणे लोक तो अजून बरोबर ठेवतात.

इंजिनाबाबत मतं इतकी तीव्र आहेत की दोन बोटवाले एकत्र आले की तिसऱ्यानं उठून जावं. बहुतेक लांब पल्ल्याच्या बोटींत मुख्य इंजिन एकच असतं. ते बंद पडलं तर घरी आणायला दुसरं छोटं, वेगळ्या टाकीचं आणि वेगळ्या पंख्याचं. खरा शत्रू मात्र इंजिनात नसतो, तेलात असतो. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डिझेलच्या तळाला पाणी आणि गाळ बसतो. शांत समुद्रात तो तळाशीच राहतो आणि वादळात ढवळून वर येतो, म्हणजे नेमका इंजिनाची सर्वाधिक गरज असते तेव्हा. म्हणून फिल्टर जोडीनं बसवतात. एक तुंबला की इंजिन न थांबवता दुसऱ्यावर जाता येतं. आपल्या रिफायनरीत किंवा जीएसएफसी या खत कारखान्यात नोकरी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

लाइफ जॅकेट, तराफा, संकटाचा संदेश पाठवणारा आपत्कालीन बिकन यांची यादी वेगळी देत नाही. बडोद्यात तर त्यावर हलकं काही लिहिणंच अवघड आहे. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. शहरातल्याच पाण्यात हे घडलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे. समुद्राशी मराठी संस्थानांचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. गायकवाडांचं आरमार बिलीमोऱ्याला असे. द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ मध्ये, ओखा बंदर सुरू झालं. लगेच १९२७ ला ब्रिटिशांनी काठियावाडच्या वाटेवरचं विरमगामचं जकातनाकं पुन्हा उभं करून काठियावाडच्या बंदरांची कोंडी केली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तर 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज घेऊन पहिल्या महायुद्धात त्याचं 'लॉयल्टी' नावाचं इस्पितळ केलं. तेच जहाज पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनकडे गेलं आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेचा.

या तिन्हींत हौसेची बोट कुठेच नाही. हौसेनं लांब जाणारे आपले लोक शिडाचे : १९८५-८७ मध्ये लष्कराची 'तृष्णा', २००९-१० मध्ये 'म्हादेई'वर एकट्यानं प्रदक्षिणा करणारे कमांडर दिलीप दोंदे. इंजिनावर लांब जाणारी लाकडी बोट मात्र गुजरातकडे आहेच. मांडवी, सलायाची वहाणं स्वातंत्र्यानंतरच्या काळात शिडावरून डिझेलवर आली आणि आखातापर्यंत, सोमालियापर्यंत माल वाहत राहिली. सिअ‍ॅटलच्या भाच्याच्या बोटीला जे जमतं, ते या वहाणांचे तांडेल, म्हणजे कप्तान, पोटासाठी करत आले आहेत. सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढल्यावर मार्च २०१० मध्ये सरकारनं अशा वहाणांना ओमानमधलं सलाला ते मालदीवमधलं माले या रेषेपलीकडे जायला बंदी केली. हिंडत्या मोटरबोटींनीही त्या वर्षांत अरबी समुद्र टाळला. काही मालक तर बोट मोठ्या जहाजावर चढवून भूमध्य समुद्रात नेत.

आपल्याकडे अशी बोट ठेवायची तर अडचणी वेगळ्याच. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, त्यामुळे बडोद्याजवळ बोट तरंगती ठेवायला जागा नाही. जून ते सप्टेंबर किनारा बंद. २६/११ चे हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून मुंबईला आले, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक लहान बोटीकडे संशयानं पाहिलं जातं, आणि ते चूक म्हणता येत नाही. जगभर लांब पल्ल्याच्या बोटीवर सर्रास असणारा सॅटेलाइट फोन इथे परवान्याशिवाय चालत नाही. थुराया, इरिडियम या कंपन्यांचे असे फोन बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे.

आणि कर. हौसेच्या बोटीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर अधिभार होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. मासेमारीच्या बोटीवर ५ टक्के. म्हणजे तोच सांगाडा, तेच डिझेल, तोच आठ नॉटचा वेग; डेकवर जाळं असेल तर पाच, सोफा असेल तर चाळीस.