अंकलिपीची धास्ती: झारशाहीतील युक्रेनी अस्मिता

१७९८ मध्ये इव्हान कोत्ल्यारेव्हस्की या लेखकाचं, रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचं युक्रेनी लोकभाषेतलं विडंबन सेंट पीटर्सबर्गमध्ये छापलं गेलं, तेव्हा रशियन झारच्या दरबाराला त्यात काही वावगं दिसलं नाही. 'छोट्या रशिया'ची (युक्रेनला दरबार असंच म्हणे) बोली म्हणजे गमतीची गोष्ट, एवढाच समज.

पुढच्या पन्नास वर्षांत ही गंमत उरली नाही. कीव्हमध्ये इतिहासकार कोस्तोमारोव्ह आणि मित्रांनी सिरिल-मेथोडियस बंधुमंडळ ही गुप्त संघटना काढली. शेतकऱ्याला जमीनदाराची मालमत्ता ठरवणारी भूदासप्रथा मोडावी, स्लाव लोकांचं संघराज्य व्हावं, त्यात युक्रेनला बरोबरीचं स्थान असावं, असा त्यांचा विचार. एका विद्यार्थ्याने चहाडी केली आणि १८४७ मध्ये धरपकड झाली. सर्वांत जबर शिक्षा कवी आणि चित्रकार तारास शेव्हचेन्कोला. हा जन्माने भूदास. चित्रकार ब्र्युलोव्हच्या एका चित्राची सोडत काढून, अडीच हजार रुबल मोजून १८३८ मध्ये त्याला सोडवलं होतं. त्याची रवानगी ओरेनबर्गच्या फौजेत झाली आणि झार निकोलसने हुकमावर स्वतः शेरा मारला: लिहिण्यास व चित्रे काढण्यास मनाई. तरी तो लिहीत राहिला. इवल्याशा वह्या करायचा आणि बुटात दडवायचा.

१८६३ मध्ये, रशियाच्या सत्तेविरुद्ध पोलिश उठाव चालू असताना, गृहमंत्री वालुयेव्हने गुप्त परिपत्रक काढलं. स्वतंत्र 'छोटी रशियन' भाषा नव्हती, नाही आणि असूच शकत नाही, हे त्यातलं वाक्य कुप्रसिद्ध आहे. मला मात्र बंदीचा तपशील जास्त बोलका वाटतो. ललित साहित्याला मुभा होती. अडवली ती धार्मिक, शालेय आणि सामान्यांच्या प्राथमिक वाचनाची पुस्तकं. कोस्तोमारोव्ह तेव्हा अशाच पुस्तकांसाठी वर्गणी गोळा करत होता. म्हणजे सरकारने कविता सोसली असती, शेतकऱ्याच्या पोराच्या हातातली अंकलिपी नाही.

१८७६ मध्ये झारने जर्मनीतल्या एम्स गावी काढलेल्या फर्मानाने युक्रेनी नाटकं आणि परदेशी छापलेली पुस्तकंही रोखली. त्याआधीच कीव्ह विद्यापीठातून काढलेले युक्रेनी विचारवंत द्राहोमानोव्ह जिनिव्हाला जाऊन 'ह्रोमादा' हे नियतकालिक छापू लागले. पण खरा आसरा मिळाला तो ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिसियात. तिथल्या ल्विव्ह शहरात १८६८ मध्ये स्थापन झालेली 'प्रोस्विता' ही लोकशिक्षण संस्था गावोगावी वाचनालयं काढत होती, १८७३ मध्ये शेव्हचेन्कोच्या नावाची संस्था उभी राहिली आणि तिला पैसा पुरवणाऱ्यांत झारच्याच मुलखातले लोक होते. १८९४ मध्ये कीव्हचा तरुण इतिहासकार ह्रुशेव्हस्की ल्विव्ह विद्यापीठात प्राध्यापक झाला. चार वर्षांनी त्याच्या 'युक्रेन-रूसचा इतिहास' ग्रंथाचा पहिला खंड आला, ज्यात युक्रेनचा इतिहास मॉस्कोच्या इतिहासापासून वेगळा काढून मांडला होता.