‘थिंग’ : मूळ अर्थ सभा

नाव आठवलं नाही की इंग्रजी बोलणारा माणूस कशालाही ‘थिंग’ म्हणून मोकळा होतो. इतका सैल शब्द कधीकाळी अतिशय नेमका होता. थिंग म्हणजे सभा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी भरणारी, गावकीचे तंटे सोडवणारी. गॉथिक या इंग्रजीच्याच कुळातल्या, आता लुप्त झालेल्या भाषेत याच्या नात्यातल्या एका शब्दाचा अर्थ ‘काळ’ असा आहे. त्यावरून ‘नेमलेली वेळ’ हा मूळ अर्थ असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात.

उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीजवळ तिसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. रोमन फौजेतल्या जर्मानिक शिपायांनी तिथे ‘मार्स थिंक्सस’ला, म्हणजे सभेच्या रक्षक देवाला वंदन केलं आहे. मार्स म्हणजे आपला मंगळ. आणि जर्मन भाषेत मंगळवारला ‘डीन्स्टाग’ म्हणतात, तेही बहुधा याच देवामुळे.

या सभेचं सगळ्यात सुंदर रूप आइसलँडमध्ये दिसतं. इ.स. 930 च्या सुमारास थिंगव्हेट्लिर या मैदानात ‘आल्थिंग’ भरू लागली. सुरुवातीला कायदे लिहिलेले नव्हते. कायदा सांगणारा अधिकारी ते तोंडपाठ म्हणायचा, दर वर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळे. आपल्याकडची पाठांतराची परंपरा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. आइसलँडची संसद आजही आल्थिंगच, नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’, डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’.

मग सभेची वस्तू कशी झाली? सभेपुढे यायचा तो खटला. खटल्यावरून कोणतीही बाब, आणि बाबीवरून हाताला लागेल ती चीज. इंग्रजीत सभेचा अर्थ पार विरून गेला. डॅनिशमध्ये मात्र ‘टिंग’ला दोन्ही अर्थ आहेत. लॅटिनचा ‘कॉझा’ म्हणजे खटलासुद्धा याच वाटेने गेला आणि इटालियनमध्ये ‘कोझा’, म्हणजे वस्तू, झाला.

मला खरा आनंद झाला तो मराठी शब्दाकडे पाहून. आपण ‘थिंग’ला सहज ‘गोष्ट’ म्हणतो. ती आली संस्कृत ‘गोष्ठी’वरून, आणि गोष्ठी म्हणजे सभा, तिथलं संभाषण. त्याही मागे आहे ‘गोष्ठ’, गुरं बांधायची जागा. आपला गोठा तिथूनच आला.